रेडवूडचा बर्ल आणि वाईनच्या टाकीच्या जुन्या फळ्या, टेबल करायचंय, सल्ला द्या

खटाटोप_फ्रीमाँट:
नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो, नोकरी आयटीतली पण गॅरेजमध्ये लाकूडकाम चालू असतं, आतापर्यंत पाइनची शेल्फं आणि एक बाक एवढंच केलंय. आता हात जरा मोठा मारलाय. सोनोमाकडे एका वायनरीतली जुनी लाकडी टाकी मोडली होती, तिच्या रेडवूडच्या फळ्या एका जुन्या लाकडाच्या यार्डात मिळाल्या. अडीच इंच जाड, सहा-सात फूट लांब, एका बाजूला वाईन मुरून काळपट जांभळं झालंय आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी पट्ट्या होत्या तिथे काळेकुट्ट आडवे डाग. शिवाय एका गॅरेज सेलमध्ये रेडवूडच्या बर्लचा, म्हणजे झाडाला मोठी गाठ येते ना तिचा, सपाट कापलेला तुकडा मिळाला, साधारण चार फूट बाय अडीच फूट, तीन इंच जाड, कडेला साल तशीच आहे आणि मध्ये दोन-तीन भोकं. विकणाऱ्या बाई म्हणाल्या सासऱ्यांनी आणून ठेवला होता, बरीच वर्षं पडून आहे.

डोक्यात असं आहे की बर्लचा टॉप आणि टाकीच्या फळ्यांचे पाय, कडा ओबडधोबडच ठेवायच्या, बैठं टेबल, आणि गणपतीत त्याच्यावरच मखर बसवायचं. प्रश्न असे की बर्ल सपाट कसा करायचा (माझा प्लेनर, म्हणजे फळी आत घालून सपाट करायचं मशीन, तेरा इंची आहे, त्यात तो जाणारच नाही), काळे डाग काढायचे का ठेवायचे, पॉलिश कुठलं, आणि बर्लचाच उरलेला तुकडा कापून पाय केले तर चालतील का, दिसायला भारी दिसेल. अजून एक, ऑफिसातला एक जण म्हणाला की बर्ल चोरीचा असतो, तुला पोलीस धरतील. खरं आहे का हे?

मिस्त्रीकाका_पुणे:
वा, छान उद्योग काढलायत. मी रेडवूड हातात धरलेलं नाही पण पाडलेल्या वाड्यांच्या सागवानात निम्मं आयुष्य गेलं त्यामुळे जुन्या लाकडाबद्दल सांगू शकतो. पहिली गोष्ट खिळे. बाहेरून दिसतात ते काढालच पण डोकं तुटून आत राहिलेला खिळा मशीनचं पातं एका क्षणात घालवतो, मेटल डिटेक्टरची छोटी कांडी मिळते ती घ्या आणि प्रत्येक फळी चारी बाजूंनी फिरवा, मशीनला लावायच्या आधी परत एकदा फिरवा. दुसरं, जुन्या लाकडाच्या भेगांत वाळू-माती बसलेली असते, ती तारेच्या ब्रशने काढली नाही तर रंध्याची धार दहा मिनिटांत जाते. तारेचा ब्रश मात्र पितळी किंवा स्टेनलेसचा घ्या, साधा लोखंडी नको, त्याची बारीक तार लाकडात अडकून राहते आणि नंतर पाणी लागलं की तिथे ठिपके येतात.

पॉलिशला आम्ही जवसाचं उकळलेलं तेल देतो, दोन-तीन हात, वर्षानुवर्षं टिकतं. आणि भोकं आहेत तर त्यात निळं इपॉक्सी भरून ते नदीवालं टेबल करा ना, हल्ली सगळ्यांना तेच पाहिजे असतं.

सोनोमाची_करवत:
काका खिळ्यांचं अगदी बरोबर, पण निळ्या नदीला माझा सक्त विरोध नोंदवून घ्या 🙂 १९७०च्या दशकात इथे घरोघरी रेडवूड बर्लची टेबलं आणि भिंतीवरची घड्याळं होती, वर काचेसारखा जाड रेझिनचा थर ओतलेला. त्यातली पिवळी पडलेली, चरे पडलेली आजही सेलमध्ये मिळतात आणि लोक तो थर खरवडून आतलं लाकूड वाचवत बसतात. खटाटोप, तुमच्या बाईंच्या सासऱ्यांचा तुकडा बहुतेक त्याच लाटेतला असावा, टेबल करायचं राहून गेलेला.

आता मुद्द्याचं. बर्लला पाय म्हणून वापरू नका. साध्या फळीत रेषा एका दिशेला धावतात म्हणून ती वजन पेलते, बर्लमध्ये रेषा सगळीकडे वळलेल्या, लांब असा धागाच नाही. टॉपला चालतं कारण खालून आधार असतो, पण अडीच इंची पाय केला आणि कोणी टेबल ओढलं की तो कुठेही तुटू शकतो. पाय टाकीच्या फळ्यांचेच करा. त्या टाक्यांना निवडक लाकूड लागायचं, बिनगाठीचं, गाभ्याचं, उभ्या रेषांचं, कारण गळून चालत नव्हतं. फळीचं टोक ताजं कापून बघा, इंचात वाढीची वीस-तीस वर्तुळं मोजता आली तर ते जुन्या जंगलाचं झाड. आत्ता दुकानात जो नवा रेडवूड मिळतो त्याची वर्तुळं ढोबळ असतात आणि लाकूड आणखी मऊ.

मऊपणाचं आत्ताच डोक्यात घ्या, कारण तुमचं सगळं काम त्याच्याशीच आहे. कडकपणाच्या जांका चाचणीत जुना रेडवूड ४८०च्या आसपास येतो, नवा ४२०, सागवान १००० च्या पुढे. नखाने खूण उठते. म्हणजे क्लॅम्पखाली लाकडाचा तुकडा ठेवल्याशिवाय आवळायचं नाही, बेंचवर एक खडा राहिला तरी तो उमटतो. खड्डा पडलाच तर पॉलिशच्या आधी ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, दबलेले धागे बरेचसे फुगून वर येतात. पॉलिशनंतर ते जमत नाही.

सपाट करायला राउटरची (जोरात फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरायचं हातातलं मशीन) घसरगाडी करा. बर्लच्या दोन्ही बाजूंना दोन सरळ पट्ट्या समान उंचीवर, त्यावर आडवी सरकणारी पेटी, पेटीत राउटर, खाली रुंद सपाट बिट. तुकडा डुगडुगत असेल तर खालून पाचरी मारून आधी स्थिर करा, नाहीतर वाकडेपणाच कॉपी होतो. एका वेळी सोळांश इंच, फार तर अष्टमांश. जास्त घ्याल तर बर्लमध्ये ढलपे उडतात, कारण तुम्ही कुठल्याही दिशेने गेलात तरी कुठेतरी रेषेच्या उलटच जात असता. आणि एक बाजू झाली की लगेच दुसरी करून पातळ करून टाकू नका, काही दिवस पट्ट्यांवर उभं-आडवं ठेवून दोन्हीकडून हवा लागू द्या, वळायचं असेल तेवढं वळू दे, मग शेवटचा हात.

ओलावा मोजलात का?

लालझाड_१०१:
मी वर उत्तर कॅलिफोर्नियात, रेडवूडच्या जंगलांच्या हंबोल्ट भागात राहतो, चोरीचा प्रश्न माझ्या अंगणातलाच आहे म्हणून सांगतो. ऑफिसातला माणूस अगदीच उगाच बोलत नाहीये. ही गाठ म्हणजे झाडाच्या झोपलेल्या कोंबांचा साठा असतो, झाड जळलं किंवा पडलं की त्यातून नवे धुमारे फुटतात, टूरिस्ट दुकानांत ताटलीत पाणी घालून छोटा बर्ल ठेवतात त्याला हिरवी पालवी येते ती त्यामुळेच. चोर लोक काय करतात तर रात्री जाऊन पार्कातल्या जिवंत, हजार वर्षांच्या झाडाच्या बुंध्यातून चेनसॉने हा भाग कापून नेतात, झाड लगेच मरत नाही पण मोठी उघडी जखम राहते, किडीला आणि रोगाला दार मोकळं. २०१४ मध्ये हे इतकं वाढलं की ओरिक गावाजवळचा न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे हा रस्ता रात्रीचा बंद करायला लागला. मूळच्या जुन्या रेडवूड जंगलातलं जेमतेम ५ टक्के शिल्लक आहे, त्यामुळे लोक इथे या विषयावर फार चिडतात आणि चिडायलाच पाहिजे.

पण प्रत्येक बर्ल चोरीचा नसतो. खाजगी जमिनीवर शंभर वर्षांपूर्वीच्या तोडीचे प्रचंड बुंधे अजून उभे आहेत, माणसाच्या डोक्याच्या वर कापलेले, त्यात लाकूडतोड्यांना उभं राहायला फळी अडकवायच्या खाचा अजून दिसतात, त्या बुंध्यांतून आणि मुळांतून बर्ल कायदेशीर निघतो. तुमच्या तुकड्याचा पृष्ठभाग राखाडी झालाय का बघा, चेनसॉच्या खुणा ऊन-धुळीने मऊ झाल्यात का, कापलेल्या कडेला बारीक भेगा आहेत का. असतील तर तो खरंच जुना पडून असलेला आहे. ताजा असता तर आतून ओलसर लालभडक दिसला असता आणि उचलताना कंबर मोडली असती, कारण जिवंत रेडवूडच्या गाभ्यात लाकडाच्या कोरड्या वजनाच्या ८०-८५ टक्के पाणी असतं, बाहेरच्या पांढऱ्या थरात तर दुपटीच्या वर.

त्या बाईंकडून दोन ओळींची पावती लिहून घ्या, तारीख आणि कुठून आला एवढं. पुढे कधी टेबल विकायचं झालं तर उपयोगी पडेल. नवीन बर्ल घ्याल तेव्हा विकणारा कुठून आणला ते सांगायला टाळाटाळ करत असेल तर सरळ निघून या. आणि पार्कात पडलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही, तोही गुन्हाच आहे, ‘पडलेलंच तर होतं’ हे तिथे चालत नाही.

चहा_आणि_चिप्स:
एवढ्या खर्चात आयकियाची चार टेबलं आली असती 😄

खटाटोप_फ्रीमाँट:
@चहा_आणि_चिप्स बायकोचा डुप्लिकेट आयडी आहे का हा?

@सोनोमाची_करवत ताई, फार आभार. ओलाव्याच्या मीटरने बर्ल कुठे १२ टक्के तर कुठे १७ दाखवतोय, मध्यभागी जास्त. फळ्या सगळ्या १० च्या आसपास. @लालझाड_१०१ पृष्ठभाग राखाडीच आहे आणि भेगा आहेत, हायसं वाटलं, पावतीसाठी बाईंना मेसेज टाकलाय.

डागांचं कोणी बोललं नाही. आणि फळीच्या जांभळ्या बाजूला काहीतरी चकाकणारे खडे चिकटलेत, साखरेसारखे, ते काय आहे? खरवडलं तर निघतात. आणि हो, फळ्या मी थोड्या सँड करून बघितल्या ऑर्बिटल सँडरने, तर गुळगुळीत व्हायच्या ऐवजी लाटा लाटा झाल्यात, हात फिरवला की जाणवतं. पेपर चुकीचा का?

सोनोमाची_करवत:
ते खडे टार्टरेटचे, वाईनमधून टाकीच्या भिंतीवर जमतात, वायनरीवाल्यांना नेहमीचं आहे. विषारी नाहीत, पातळ स्क्रेपरने काढून टाका. जांभळा रंग मात्र अर्धा-पाव इंच आत गेलेला असतो आणि मला विचाराल तर तो किमान एका बाजूला ठेवाच, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आल्यापासून ही लाकडी टाकी दुर्मीळ झालीय, रंधा मारून सगळं लालचुटुक केलं तर दुकानातली नवी फळी आणि ही यात फरक काय राहिला. पायांच्या आतल्या बाजूला जांभळं ठेवा. आणि फळीच्या एका टोकाला टाकीचा तळ बसवायची आडवी खाच असेल, ती कापून टाकू नका, तीच खाली येऊ द्या. फळ्यांच्या कडा तिरक्या कापलेल्या असतील कारण टाकी गोल होती, दोन फळ्या चिकटवायच्या तर आधी टेबल सॉवर त्या कडा काटकोनात आणा, आहे तशा चिकटवल्या तर बाक येईल.

लाटांचं कारण पेपर नाही, सँडरचा मऊ पॅड. रेडवूडच्या प्रत्येक वर्तुळात वसंतातला भाग मऊ आणि उन्हाळ्याच्या शेवटचा गडद भाग टणक, मऊ पॅड मऊ भागात घुसतो आणि टणक रेषा उंच राहते. कडक पॅड लावा किंवा सरळ लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून रेषेच्या दिशेने हाताने घासा. ८० पासून सुरू, १२०, १५०, फार तर १८०, त्याच्या पुढे मऊ लाकडात फक्त वेळ जातो. अर्थात पायांना त्या लाटा मुद्दाम ठेवायच्या असतील तर ठेवा, कित्येक लोक तारेचा ब्रश मारून मुद्दाम करतात.

काळे डाग म्हणजे रेडवूडमधलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) आणि लोखंड यांची शाई. हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकला की काळं होतं ना, तेच. म्हणूनच या लाकडात साधे लोखंडी स्क्रू कधीच नको, स्टेनलेस किंवा पितळी. डाग काढायचेच असतील तर ऑक्झॅलिक अॅसिड, हार्डवेअर दुकानात वुड ब्लीच म्हणून मिळतं, गरम पाण्यात विरघळवून पूर्ण फळीवर सारखं लावा, नुसत्या डागावर लावलं तर तिथे फिका चट्टा दिसतो. वाळलं की भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे, चष्मा, आणि वाळल्यावर राहिलेली पांढरी पूड सँड करून हवेत उडवू नका, ती नाकात-घशात जाळते. मी स्वतः पट्ट्यांचे डाग ठेवते, ते बघूनच तर कळतं की टाकी होती.

आणि भुसा. हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे असं वाटतं पण लोक वाचत नाहीत. रेडवूडच्या भुशाने फुप्फुसाचा एक अॅलर्जीचा आजार होतो, त्याला सिक्वोयोसिस असं नावच आहे. सगळ्यांना होत नाही, पण आपण त्यातले आहोत का हे आधी कळत नाही. कापडी मास्क नको, व्यवस्थित बसणारा, बारीक धूळ अडवणाऱ्या पी१०० फिल्टरवाला घ्या, घसरगाडीवर काम करताना व्हॅक्यूम लावा, गॅरेजचं दार उघडं. याची कुसळं पण त्रासदायक असतात, आत राहिली की पिकतात, लगेच काढा.

मिस्त्रीकाका_पुणे:
लोखंडाचं सागवानातही होतं, पण इतकं नाही. बर्ल शेवटी साफ करायला सँडरपेक्षा स्क्रेपर वापरून बघा, पातळ पोलादी पट्टी, कड घासून तिला आकडा, म्हणजे किंचित वळलेली धार, काढायचा. आमच्याकडे कारागीर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा नाहीतर काचेचा तुकडा घेऊन हेच करतात. शिसवीच्या गाठीवर रंधा चालत नाही तिथे हे चालतं, रेषा कुठली का असेना. दाब कमी, पट्टी किंचित वाकवून धरायची.

तेलाचं मात्र मी म्हणतो तेच, जवस. लाकडाला प्लास्टिकचा रेनकोट कशाला घालायचा.

सोनोमाची_करवत:
काका स्क्रेपरला शंभर टक्के. (मऊ लाकडात आकडा फार मोठा काढू नका एवढंच, खरवडण्याऐवजी धागे ओरबाडले जातात.)

तेलाचं, एरवी मीही तेलवालीच आहे, पण इथे टेबलावर गणपती बसणार आहे. हळद, कुंकू, निरांजनाचं तूप, अभिषेकाचं पाणी, नारळाचं पाणी. नुसत्या जवसाच्या तेलावर हळद सांडली आणि दहा मिनिटं राहिली तर ती त्या बर्लची झाली म्हणून समजा. म्हणून टॉपला असं करा, आधी मेण काढलेल्या चपड्याचा पातळ हात, म्हणजे डीवॅक्स्ड शेलॅक, त्याने टॅनिन आत बंद होतं आणि बर्लचे डोळे एकदम उठून दिसतात. त्यावर तेलाच्या बेसचं पातळ पॉलियुरेथेन फडक्याने पुसून, चार-पाच हात, मधे हलका ३२०चा पेपर. पाण्याच्या बेसचं थेट लाकडावर नको, टॅनिन वर ओढून घेतं आणि तपकिरी ओघळ येतात. पायांना खुशाल काकांचं जवसाचं तेल. फक्त तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, बाहेर पसरून वाळवा मग टाका.

ओलावा १७ आहे तिथपर्यंत पॉलिशचा विचारच नको. घरात आणून ठेवा, खाली पट्ट्या, सगळीकडे मीटर ९-१० दाखवेपर्यंत. हीटरच्या किंवा खिडकीतल्या उन्हाच्या जवळ नको. रेडवूड आकसतं कमी, त्या बाबतीत गुणी लाकूड आहे, पण बर्लमध्ये प्रत्येक भाग वेगळ्या दिशेने आकसतो म्हणून घाई केली की भेग. या गणपतीला होईल असं मला वाटत नाही, खरं सांगते.

भोकं तशीच राहू द्या हे माझं मत. आतली सैल साल दाताच्या ब्रशने काढायची, भुसभुशीत कडांना पातळ सुपरग्लू पाजायचा, झालं. भरायचीच असतील तर काळं किंवा पारदर्शक इपॉक्सी, आणि आधी भोकाच्या आतून पातळ हात देऊन वाळू द्या, नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येत राहते. वाटी पडेल इतकं मोठं भोक असेल तर मात्र भरा, प्रसादाची वाटी त्यात कलंडेल.

टॉप पायांना जोडताना स्क्रूची भोकं लांबट ठेवा म्हणजे टॉपला हलायला जागा राहील. थेट लाकडात स्क्रू वारंवार काढला-घातला तर या मऊ लाकडात आटे जातात, म्हणून पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) इपॉक्सीत बसवून त्यात बोल्ट.

रविवारचा_सुतार:
मधेच विचारतो, माझ्याकडे घराच्या मागच्या कुंपणाच्या रेडवूडच्या फळ्या आहेत, पांढरा रंग मारलेला, घर १९५० च्या सुमाराचं. त्यांचं पण असंच काही करता येईल का? आणि एकाने रेल्वेचे जुने रेडवूडचे स्लीपर फुकट देतो म्हणालाय.

लालझाड_१०१:
रंगाची आधी शिश्याची टेस्ट करा. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, त्याच्या आधीचा रंग असेल तर आहे असंच धरून चाला. हार्डवेअर दुकानात टेस्ट किट मिळतो. शिसं निघालं तर सँडर, हीट गन काही लावायचं नाही, घरात लहान मूल असेल तर त्या फळ्यांच्या वाटेलाच जाऊ नका, कुंपण म्हणूनच राहू द्या किंवा काउंटीच्या घातक कचरा केंद्रात विचारा. रंग नसेल तर कुंपणाच्या फळ्या झकास, राखाडी थराच्या खाली लाल लाकूड निघतं. जमिनीत गाडलेलं टोक तेवढं कापून टाका आणि कडेला पांढरा थर असेल तर तोही, किडीला-कुजण्याला टिकतो तो लाल गाभा, पांढरा भाग नाही.

स्लीपरला मात्र सरळ नाही म्हणा. क्रिओसोट (कुजू नये म्हणून मारायचं विषारी डांबरी तेल) मारलेलं असू शकतं, घरात ठेवायचं लाकूड नाहीच ते, आणि कापलं की ते सगळं अंगावर.

खटाटोप_फ्रीमाँट:
एवढं सगळं एका जागी कुठेच मिळालं नसतं. तर ठरलं असं, बर्ल हॉलमध्ये सुकायला, तोवर पाय करून घेतो, पट्ट्यांचे डाग ठेवतो. यंदा मखर जुन्याच टेबलावर, बायकोला सांगायचं बाकी आहे. काका, जवसाचं तेल पायांना नक्की. घसरगाडीचा भुसा पोतंभर निघेल असं दिसतंय, तो टोमॅटोच्या वाफ्यात टाकला तर चालेल का?

सोनोमाची_करवत:
बर्लचा चालेल, त्याला काही लावलेलं नाहीये. पण मातीत मिसळू नका, कुजताना मातीतला नायट्रोजन खातो आणि टोमॅटो पिवळे पडतात. झाडांमधल्या पायवाटेवर पसरा. ऑक्झॅलिक लावलं असेल किंवा पॉलिश चढलं असेल त्याचा भुसा कचऱ्यात. आणि पोतं भरताना मास्क काढू नका, लोक नेमका तेव्हाच काढतात.

चहा_आणि_चिप्स:
मी बायको नाही. पण टेबल झालं की फोटो टाका.